कॉट, खोली आणि भत्ता

जून लागला की पुण्यात सदाशिव, नारायण आणि नवी पेठेतल्या विजेच्या खांबांवर, झेरॉक्सच्या दुकानांच्या शटरवर आणि अभ्यासिकांच्या जिन्यांत चिठ्ठ्या दिसू लागतात. ‘मुलांसाठी कॉट बेसिसवर जागा. पाणी २४ तास. मेस व अभ्यासिका हाकेच्या अंतरावर. निर्व्यसनी मुलांनीच चौकशी करावी.’ खाली मोबाइल नंबराच्या उभ्या कापलेल्या पट्ट्या. दोन दिवसांत त्यातल्या निम्म्या फाडून नेलेल्या असतात. पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं, की कॉट बेसिसवर खोली मिळत नाही, खोलीतली एक खाट मिळते. भाडं खाटेचं, खिडकी, पंखा, बाथरूम आणि सोबतची तीन माणसं सामाईक.

विद्यापीठाच्या आवारातलं वसतिगृह एका टोकाला आणि ही खाट दुसऱ्या टोकाला ठेवली, तर शिकण्यासाठी घर सोडणाऱ्या मुलामुलींचे बाकीचे पर्याय मधे कुठेतरी बसतात: सरकारी वसतिगृह, देणगीवर चालणारं विद्यार्थिगृह, पीजी, चौघांनी मिळून घेतलेला फ्लॅट, आत्याचं नाहीतर मामाचं घर. कोण कुठे राहणार, हे वरवर पाहता पैशाचं आणि सोयीचं गणित दिसतं. पण महाराष्ट्रात या प्रश्नावर सव्वाशे वर्षं डोकेफोड झालेली आहे, आणि आजचे वाद उकलत गेलं की खाली तीच जुनी तीन उत्तरं सापडतात. मी त्यांना सोयीसाठी कोल्हापूरचं, साताऱ्याचं आणि पुण्याचं उत्तर म्हणतो. नावं माझी आहेत, वाद मात्र जुना आहे.

तीन जुनी उत्तरं

कोल्हापूरचं उत्तर शाहू महाराजांचं. खेड्यातल्या मुलाची फी माफ केली तरी तो शाळेत येत नाही, कारण शहरात त्याला अंग टाकायला जागा नाही आणि दोन वेळचं जेवण नाही, हे महाराजांनी ओळखलं. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. मग जैन, मुस्लिम, लिंगायत, दैवज्ञ अशी एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. पद्धत साधारण अशी, की जागा आणि अनुदान यांना दरबाराचा हात आणि रोजचा कारभार त्या त्या समाजाच्या मंडळींकडे. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे.

जातवार वसतिगृहांनी जात पक्की होते, हा आक्षेप तेव्हाही होता. त्यावरचं उत्तर व्यवहाराचं होतं. माणूस आधी आपल्या समाजासाठी खिशात हात घालतो, आणि परक्या चुलीवरचं अन्न खायला आईबाप मुलाला पाठवणार नाहीत. तेव्हा मुलं आधी शहरात येऊ देत, पुढचं पुढे.

साताऱ्याचं उत्तर याच कोल्हापुरात जन्मलं म्हटलं तरी चालेल. भाऊराव पाटील तिथे शिकत असताना जैन बोर्डिंगमध्ये राहत. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, परतल्यावर त्यांना आंघोळ करून आत यायला सांगण्यात आलं, त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सोडावं लागलं. हा प्रसंग त्यांच्या चरित्रांत येतो. पुढे १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला बोर्डिंग निघालं. तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसत, आणि दळणापासून शेतापर्यंतची कामं स्वतः करत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. म्हणजे गुरूच्या पद्धतीला सोडून निघालेल्या वसतिगृहावर पाटी मात्र गुरूचीच. डॉ. आंबेडकरांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केल्यावर हाती घेतलेल्या पहिल्या कामांत सोलापूरचं वसतिगृह होतं. वस्ती आणि शिक्षण वेगळं काढता येत नाही, याबद्दल या तिघांत मतभेद नव्हता. मतभेद होता तो एका छपराखाली कोण कोण, यावर.

पुण्याचं उत्तर कुणा एकाचं नाही. गरीब ब्राह्मण मुलगा पुण्यात यायचा, माधुकरी मागायचा किंवा वार लावून जेवायचा: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. राहायला वाड्यातली एखादी अंधारी खोली. या व्यवस्थेत दया होती आणि अपमानही भरपूर होता. जुन्या आत्मचरित्रांत दोन्हींची चव येते. तिला थोडी शिस्त आणि थोडा मान देण्याच्या खटपटीतून १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह उभं राहिलं, तेच आजचं पुणे विद्यार्थी गृह. १९५५ मध्ये अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली आणि तिचा डोळा खेड्यातून येणाऱ्या कुठल्याही जातीच्या गरजू मुलावर होता. बाकी सगळा भार वाड्यांच्या मालकांनी उचलला, अर्थात भाडं घेऊन. दान आणि बाजार, हे पुण्याचं उत्तर.

मुलींची गोष्ट वेगळ्या दारातून सुरू होते. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत निघालं आणि पुढच्या वर्षी पुण्याला आलं. कर्व्यांचा आश्रम १९०० मध्ये हिंगण्याला गेला. तिथे राहणाऱ्या मुली आणि विधवा बायका शिकायला आल्या होत्या तशा घरातून सुटायलाही आल्या होत्या. त्यामुळे मुलींचं वसतिगृह म्हणजे आधी आसरा आणि मग शिक्षणाची सोय, ही समजूत पहिल्यापासून चिकटली. आजच्या गेट बंद होण्याच्या वेळांवरच्या भांडणात तिचा वाटा आहे, असं मला वाटतं.

आवारात

पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झालं आणि त्याला गणेशखिंडीतली ४११ एकर जागा मिळाली. एवढ्या जागेत वसतिगृहं किती मावतील, असं बाहेरच्याला वाटतं. प्रत्यक्षात दर वर्षी यादी लागते, दुसरी लागते, आणि नाव न लागलेली मुलं बॅग घेऊन मित्राच्या खोलीवर उतरतात. विद्यापीठाच्या बोलीत अशा बिनपावतीच्या रहिवाशाला ‘पॅरासाइट’ म्हणतात. शब्द कडवट आहे, पण तो वापरणारी मुलं स्वतःबद्दलही हसत हसत वापरतात. दोन खाटांच्या मधल्या पट्ट्यात गादी पसरायची, रेक्टरची फेरी आली की ग्रंथालय गाठायचं, आंघोळ पहाटे उरकायची.

आवारातल्या वसतिगृहाची बाजू भक्कम आहे. शुल्क बाहेरच्या भाड्याच्या तुलनेत नाममात्र. जयकर ग्रंथालय चालत जाण्याच्या टप्प्यात. रात्री अकराला प्रयोगशाळेतून परतणाऱ्या संशोधक मुलीला रिक्षा शोधावी लागत नाही. आणि जे कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं ते म्हणजे शेजारच्या खोलीत गडचिरोलीचा, पलीकडे इराणचा, वरच्या मजल्यावर जळगावचा. साताऱ्याच्या पंगतीच्या सर्वांत जवळ जाणारी जागा आज कुठे असेल, तर ती विद्यापीठाचं वसतिगृह आहे.

प्रशासनांची बाजूही ऐकून घ्यावी लागते. नाममात्र शुल्कात इमारतीची देखभाल होत नाही. पदवी संपली तरी खोली न सोडणारे असतात. पॅरासाइटांमुळे पाणी, वीज आणि संडास यांवर दुप्पट ताण येतो. आणि काही घडलं तर उत्तर द्यायला रेक्टरच उभा राहतो. २०१९ मध्ये जेएनयूने खोलीभाडं वाढवायचं ठरवलं, तेव्हा एकट्याच्या खोलीचं २० रुपयांचं भाडं ६०० होणार होतं. ‘वीस रुपयांत कुठे राहायला मिळतं?’ असं विचारणारे आणि ‘सार्वजनिक विद्यापीठ असतं कशासाठी?’ असं विचारणारे त्या वेळी समोरासमोर आले. दोघांचं आकडेवारीवर एकमत होतं, हे त्या वादाचं वैशिष्ट्य. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाच्या रिफेक्टरीत एका ताटात दोघांनी जेवायचं नाही, या नियमावरून आंदोलन झालं. एक ताट दोघांत का खाल्लं जातं, हा मुलांचा प्रश्न होता. एका कुपनावर दोघं जेवले तर हिशोब कसा बसवायचा, हा व्यवस्थापनाचा.

नियमांचा वाद याहून जुना आहे. विदेशी कापडाच्या होळीनंतर १९०५ मध्ये सावरकरांना फर्ग्युसनच्या वसतिगृहातून काढण्यात आलं होतं. राहण्याची जागा देणारी संस्था राहणाऱ्याच्या वागण्यावर कुठवर हक्क सांगू शकते, हा मुद्दा तेव्हापासून मिटलेला नाही. अलीकडे तो बहुधा मुलींच्या वसतिगृहांत उभा राहतो. केरळमध्ये एका महाविद्यालयाच्या वसतिगृहाने संध्याकाळी ठरावीक वेळ मोबाइल जमा करायला लावला. ते न मानणाऱ्या फहीमा शिरीनला काढून टाकलं गेलं. २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल देताना इंटरनेटचा वापर शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काशी जोडला. तरीही बहुतेक मुलींच्या वसतिगृहांचं फाटक मुलांच्या आधी बंद होतं. पालकांचा त्याला पाठिंबा असतो, आणि तो पाठिंबा म्हणजे निव्वळ मागासपणा असं म्हणून चालणार नाही. अनेक घरांत ‘साडेआठला गेट बंद होतं’ या एका वाक्यावर मुलीला शहरात पाठवायची परवानगी मिळालेली असते.

बंद फाटकाच्या आत सगळं सुरक्षित असतं का, याचं उत्तर जून २०२३ मध्ये मुंबईत मिळालं. चर्नी रोडजवळच्या शासकीय मुलींच्या वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा खून झाला आणि संशयित तिथलाच रखवालदार होता. त्यानंतर सीसीटीव्ही, महिला सुरक्षारक्षक, तपासण्या यांची चर्चा झाली. मुलींच्या संघटनांचं म्हणणं वेगळं होतं: आमच्यावर पहारा वाढवू नका, पहारा देणाऱ्यांवर वाढवा.

रॅगिंगबाबत महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची नियमावली २००९ ची. कागद पुरेसे आहेत.

पेठेत

आता खाटेकडे येऊ. मी स्वतः अडीच वर्षं अशा एका खाटेवर काढली आहेत, त्यामुळे इथे थोडा रेंगाळणार आहे.

खोली वाड्याच्या माडीवर. लाकडी जिना, वर दोरखंड धरून चढायचं. आत चार लोखंडी खाटा, त्यातली खिडकीजवळची मिळायला सहा महिने ज्येष्ठता लागते. प्रत्येकाच्या वाट्याला भिंतीतले तीन खिळे, खाटेखाली एक पेटी आणि एक प्लग पॉइंट, तोही मोबाइलपुरता. इस्त्री लावलेली कळली की मालक बटण खालूनच बंद करत. पाणी पहाटे साडेपाच ते सात. दारामागे पुठ्ठ्यावर नियम लिहिलेले: पाहुणा मुक्कामी चालणार नाही, दहानंतर लाइट बंद, मांसाहार नाही, जिन्यात फोनवर बोलू नये. सोडताना अनामत परत मिळाली नाही. भिंतीला रंग द्यावा लागेल, असं मालकांनी सांगितलं. तो रंग आमच्या आधीच्या मुलाच्या अनामतीतूनही द्यायचा होता.

जेवण मेसमध्ये. मेसचं कार्ड असतं, त्यावर साठ चौकोन. जेवलं की एक चौकोन खोडला जातो. गावी जायचं तर खाडा आदल्या दिवशी सांगायचा, न सांगता गेलं तर जेवण बुडालं. रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री मेस बंद. पुण्यात रविवार संध्याकाळी वडापावच्या गाड्यांवर जी गर्दी दिसते तिचं कारण हे.

या व्यवस्थेच्या बाजूने बोलणारे कमी, पण त्यांचं म्हणणं खरं आहे. खाट एका दिवसात मिळते. गुणवत्ता यादी नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, जातपडताळणी नाही. महिन्याची सूचना देऊन सोडता येते. अनेक पेठकरांच्या, विशेषतः एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरखर्चाला या भाड्याचा आधार आहे, आणि अशा घरांतून मुलाला ताप आला तर खालून आजी पेजही पाठवते. नव्या पीजींत आणि कंपन्यांनी चालवलेल्या मोठ्या निवासांत एसी, वायफाय, धुलाई, नाश्ता सगळं असतं. आजी नसते आणि भाडं मात्र पेठेच्या कितीतरी पट. मुलींसाठी कर्वेनगर, कोथरूड भागांत घरगुती पीजींचं जाळं आहे. तिथे मालकीणबाई जितक्या कडक तितकी पालकांत मागणी जास्त. अभियांत्रिकीची मुलं नऱ्हे, आंबेगावकडे फ्लॅट घेतात, कारण महाविद्यालयंच तिकडे गेली. ही गावं महापालिकेत उशिरा आली, त्यामुळे पाण्यासाठी टँकरचा आणि कूपनलिकेचा आधार तिथल्या मुलांच्या अंगवळणी पडलेला आहे.

कायद्याच्या नजरेत मात्र खाट फारशी दिसत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ सांगतो की करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरावं, इतकं तो राहणाऱ्याच्या बाजूने झुकतो. त्याच कायद्यात पेइंग गेस्टचीही व्याख्या आहे: मालक स्वतः राहत असलेल्या घरातल्या काही भागात परवान्याने राहणारी व्यक्ती. आज ज्या इमारतीवर ‘गर्ल्स पीजी’ अशी पाटी असते तिथे मालक बहुधा दुसऱ्या उपनगरात राहतो. शब्द राहिला, व्यवस्था बदलली. खाटेचा तर करारच होत नाही. दर महिन्याला रोख पैसे, फार तर वहीत सही. मालकांचं म्हणणं असं की पाच महिन्यांत निघून जाणाऱ्या मुलासाठी मुद्रांक, नोंदणी, पोलिसांना माहिती हा खटाटोप परवडत नाही, आणि करार केला की मिळकत करही निवासीऐवजी व्यापारी दराने लागेल अशी धास्ती असते. मुलं तक्रार करत नाहीत, कारण परीक्षेच्या तोंडावर खाट बदलायला कुणालाच सवड नसते.

आणि एक प्रश्न चिठ्ठीवर छापलेला नसतो, फोनवर विचारला जातो: ‘आडनाव काय?’ पुण्यात खोली शोधलेल्या दलित आणि मुस्लिम मुलांना तो ओळखीचा आहे. ईशान्येकडच्या मुलांना चेहरा पाहून आणि ‘नॉनव्हेज?’ एवढं विचारून काम भागतं. मालकांची बाजू मांडणारे म्हणतात, घर आमचं, सोवळंओवळं आमचं, राहायला कुणाला घ्यायचं तो आमचा हक्क. यातला घर आणि धंदा यांच्यामधला मुद्दा खरोखर अवघड आहे: माणूस स्वतः ज्या छपराखाली राहतो तिथे त्याची आवड चालावी, पण बारा खाटा भाड्याने लावणाऱ्याला ती सवलत द्यावी का? डॉ. आंबेडकर परदेशातून शिकून १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीवर गेले, तेव्हा पारशी धर्मशाळेतून त्यांना अकराव्या दिवशी हुसकावलं गेलं. याच माणसाने १९२१-२२ मध्ये लंडनला शिकताना किंग हेन्रीज रोडवरच्या ज्या घरात खोली घेतली होती, ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं. विद्यार्थ्याच्या भाड्याच्या खोलीवर आपल्या सरकारने केलेला सर्वांत मोठा खर्च बहुधा तोच असेल.

इमारत की भत्ता

सरकारची परंपरा इमारतीची होती. समाजकल्याणची वसतिगृहं, आदिवासी विभागाची वसतिगृहं, गृहपाल, भोजनठेका, सकाळी अंडी आणि केळी. जागा अपुऱ्या, पण मिळाली की राहणं, जेवण, वह्या सगळं आलं. गेल्या दहा वर्षांत धोरणाचा कल बदलला. २०१६-१७ पासून अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आली. ज्याला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही त्याने बाहेर राहावं, पैसे खात्यावर येतील, अशी कल्पना. मराठा आणि इतर आर्थिक दुर्बलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता, आणि सर्वांत अलीकडे इतर मागास, भटक्या-विमुक्त मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, जिल्ह्यामागे ६०० विद्यार्थी अशा मर्यादेने.

स्वाधारचे आकडे पाहण्यासारखे आहेत. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत वर्षाला ६० हजार: भोजनाचे ३२, निवासाचे २० आणि निर्वाहाचे ८ हजार. इतर महापालिकांच्या शहरांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. पुण्यातल्या निवासाचे २० हजार दहा महिन्यांवर पसरले तर महिना दोन हजार होतात. पेठेत दोन हजारांत खाट मिळणं आता दुर्मीळ. मिळालीच तर जिन्याखालची. उरलेला फरक भोजनाच्या रकमेतून जातो, म्हणजे मेसचं एक वेळचं कार्ड.

भत्त्याचे समर्थक म्हणतात: इमारत बांधायला दहा वर्षं लागतात, मुलगा तीन वर्षांत बाहेर पडतो. ठेकेदाराची पातळ डाळ, गृहपालाची मर्जी, गळकी छपरं यांतून सुटका होते. मुलगा महाविद्यालयाच्या जवळ, हवं तिथे, हव्या त्या मित्रांबरोबर राहू शकतो. ‘अमक्या होस्टेलचा’ हा शिक्का बसत नाही. हा शेवटचा मुद्दा मला वजनदार वाटतो, कारण जातवार वसतिगृहांवरचा शंभर वर्षांपूर्वीचा आक्षेप तो पुसून टाकू पाहतो.

विरोधकांचा युक्तिवाद २०१८ मध्ये रस्त्यावर दिसला. आदिवासी वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यावर देण्याच्या निर्णयाविरुद्ध मुलं पुण्याहून नाशिककडे पायी निघाली. सिन्नरच्या अलीकडे पोलिसांनी त्यांना अडवलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. पैसे उशिरा येतात, भूक वेळेवर लागते. घरी दुखणं निघालं की खात्यावरचे पैसे आधी तिकडे जातात. शिवाय वसतिगृहातली पंगत गेली की रात्री जेवताना होणारी चर्चा, परीक्षांची माहिती, वरच्या वर्गातल्या मुलाने खालच्याला शिकवणं, हे सगळं जातं. ते कुठल्याही शासन निर्णयात लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे ते गेल्याची नोंदही होत नाही.

या दोन बाजूंमध्ये एक तिसरा पक्ष आहे, तो फारसा ऐकू येत नाही: इमारत सरकारने द्यावी, चालवावी मात्र संस्थांनी. विद्यार्थी साहाय्यक समितीसारख्या संस्थांकडे बोट दाखवून हे सांगितलं जातं. तिथे मुलांना कमवा-शिका करावं लागतं, साफसफाई आळीपाळीने असते, निवड मुलाखतीने होते. पण अशा संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांचं यश त्यांच्या लहान आकारात आहे, असंही म्हणता येईल.

मधल्या काळात विभाग वाढले तशी वसतिगृहंही विभागवार झाली. सामाजिक न्याय, आदिवासी विकास, बहुजन कल्याण, अल्पसंख्याक अशी प्रत्येकाची वेगळी योजना, वेगळा अर्ज. इतर मागासवर्गीयांसाठी ३६ जिल्ह्यांत मुलामुलींची मिळून ७२ वसतिगृहं जाहीर झाली आणि ती सुरू करायला सरकारला भाड्याच्या इमारती शोधाव्या लागल्या. म्हणजे सरकारही शेवटी पेठेतल्या बाजारात खोली शोधायला उतरलं. पद्धत कोल्हापूरची, पण अनुदानाबरोबर समाजाची गुंतवणूक तेव्हा होती तशी आता नाही.

अजून उघडे राहिलेले प्रश्न

पहिला: विद्यार्थी कुणाला म्हणायचं? पेठांतल्या खाटांवरची मोठी संख्या स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांची आहे. त्यांची पदवी झालेली, महाविद्यालयाच्या पटावर नाव नाही, त्यामुळे वसतिगृह नाही आणि बहुतेक भत्तेही नाहीत. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या प्रशिक्षणात निवड झाली तरच विद्यावेतन. दिवसाचे चौदा तास अभ्यासिकेत, रात्री फक्त झोपायला खाट. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवा पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर असताना पुढे ढकलली गेली आणि नवी पेठेत मुलं रस्त्यावर उतरली. बाहेरून तो वयोमर्यादेचा आणि सरकारी दिरंगाईचा प्रश्न दिसला; त्यात आणखी काही महिन्यांच्या खाटेचा आणि मेसचा हिशोबही होता. आदल्या वर्षी टाळेबंदीत गावी गेलेल्या मुलांनी रिकाम्या खाटांचं भाडं भरलेलं होतं.

दुसरा: सुरक्षेची तपासणी कुणी करायची? जुलै २०२४ मध्ये दिल्लीच्या ओल्ड राजेंद्रनगरमध्ये एका शिकवणीच्या तळघरातल्या अभ्यासिकेत पाणी शिरून तीन विद्यार्थी दगावले. पुण्याच्या पेठांतले लाकडी जिने, एकाच मीटरवर चाललेले वीस चार्जर आणि बंद खिडक्यांच्या अभ्यासिका पाहिलेल्या कुणालाही ती बातमी वाचताना इथला एखादा पत्ता आठवला असेल. महाविद्यालय म्हणतं, आवाराबाहेरचं आमच्याकडे नाही. महापालिका म्हणते, हे निवासी घर आहे. कडक तपासणी झाली तर अर्ध्या खाटा बंद होतील आणि उरलेल्या महाग होतील, ही मुलांची भीतीही खोटी नाही.

तिसरा कराचा, त्यातला एक तुकडा सुटला आहे. जून २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने शैक्षणिक संस्थेबाहेरच्या वसतिगृहांतलं, माणशी महिना २० हजारांपर्यंतचं आणि सलग किमान ९० दिवसांचं वास्तव्य करमुक्त करण्याचं ठरवलं. महागड्या निवासांत राहणाऱ्यांना त्याचा उपयोग झाला. खाटेला मुळात पावतीच नसते.

चौथा प्रश्न मला सर्वांत चिवट वाटतो. भत्ता मिळवायचा तर बाहेर भाड्याने राहत असल्याचा कागद जोडावा लागतो: भाडेचिठ्ठी किंवा करारपत्र. आणि खाटेचा मालक कागद देत नाही. धोरण बाजारावर टाकलं गेलं, पण बाजार कागदाबाहेर आहे. गेल्या पावसाळ्यात शनिपाराजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. लातूरकडचा एक मुलगा शंभराच्या मुद्रांकावर करार टाइप करून घेत होता. मालकाच्या नावाची जागा त्याने रिकामी ठेवायला सांगितली. दुकानदाराने न विचारताच ठेवली आणि पुढच्या मुलाच्या हातातला कागद घेतला. त्यातही तीच जागा रिकामी होती.